शरयूच्या खोलीतला सूर

तुमची धाकटी सून काय करते, असं कुणी आमच्या घरी विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. सासरे, म्हणजे अप्पाराव, सांगतात, "कॉम्प्युटरमधी हाय." सासूबाई सांगतात, "वर बसून असते." शरयूचा नवरा शौनक सांगतो, "पुण्याच्या कंपनीचं काम घरून करून राह्यली," आणि लगेच कापसाच्या भावावर घसरतो. खरं उत्तर मला एकटीला येतं, आणि मला कुणी विचारत नाही. मी कल्याणी, या घरातली थोरली सून.

तर खरं उत्तर असं. पुण्यातली एक लहानशी कंपनी सिंथेसायझर बनवते. आपली पेटी हवेवर वाजते, हे वाद्य विजेवर. त्याला सूर सांगायचा तो व्होल्टमध्ये. एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर चढतो, आणि त्या एका व्होल्टात बाराच्या बारा स्वर बसवायचे. पण कॉम्प्युटरला फक्त आकडे कळतात. आकडा घेऊन त्याचा व्होल्ट करून देणारी नखाएवढी चिप मध्ये बसवावी लागते. तिला ही मंडळी डॅक म्हणतात. डॅक जराशी चुकली की सूर बेसूर. बाजारात अशा चिपा ढिगानं मिळतात. त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवणं, एवढंच शरयूचं काम. एवढंच म्हणते खरी, पण या नखाएवढ्या वस्तूवर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

ती मूळची आमच्याच जालना जिल्ह्यातल्या मंठ्याची. पुण्यात शिकली, तिथंच या कंपनीत लागली. शौनकही तिथं नोकरीला होता. लॉकडाऊन लागलं तेव्हा दोघं चार दिवसांसाठी म्हणून जालन्याला आली. शौनकची नोकरी गेली. खाली आमचं बियाण्यांचं दुकान आहे, तिथं तो बसायला लागला, अप्पांच्या जिवाला बरं वाटलं. ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

तिला कुणी कोंडून ठेवलं, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. इथं मायेनं अडवतात. ती भाजी आणायला निघाली की अप्पा दुकानातून हाक मारतात, "तू कशाला उन्हात? माणूस पाठवतो मी." माहेरी जाते म्हणाली की सासूबाई म्हणतात, "जा की, पण मला करमत न्हाई गं." पुण्याचं नाव काढलं की शौनक म्हणतो, "बघू." या 'बघू'वर मी एखाद दिवशी लाटणं मोडणार आहे. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो. आमच्या घरात तो नाही, हीच तर पंचाईत.

गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथं रिकामी पोती पडायची. तिथं टेबल, मीटर, सोल्डरिंगची कांडी आणि एक छोटा स्पीकर मांडून शरयू दिवसभर बसते. वैशाखात त्या खोलीत पापड न तळता फुलावा. तिथून स्टेशन दिसत नाही, पण गाडीची शिट्टी ऐकू येते. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झाली की ती हातातलं काम थांबवायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "काही न्हाई ताई, शिट्टीचा सूर बघून राह्यले."

सुरासाठी ती मला वर बोलवायची. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी मी वाजवते, आणि कुणाचा सूर उतरला की माझं तोंड वाकडं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शरयू म्हणायची, "मीटर तर आहेच ताई, पण मला तुमचं तोंड पाह्यचंय." जावेच्या वाकड्या तोंडाचा असा उपयोग करून घेणारी ही पहिलीच.

आधी तिनं आठ बिटांची जुनी चिप ऐकवली. ती पाच व्होल्टांचे फक्त अडीचशेच्या आसपास तुकडे करते. तुकडे एवढे ढोबळ की कोमल गंधार नेमका दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला. माझं तोंड वाकडं झालं. ती हसली आणि चिप डब्यात टाकली. मग राहिल्या दोन. एक बारा बिटांची, स्वस्तातली. पुण्याला तिचाच साठा पडून होता. ती चार हजारांवर तुकडे करते, आणि कानाला तेवढे पुरतात. पण तिच्यात एक खोट होती. माप ती स्वतःजवळचं वापरत नाही, वीज जशी येईल तेच तिचं माप. खाली कूलर सुरू झाला आणि वीज जरा दबली की सूरही दबायचा.

"शिंप्याचा टेप रबराचा असला तर?" शरयूनं मला समजावलं. "त्याच्यावर कितीही बारीक रेघा मारा, टेप ताणला की झंपर बिघडलाच."

दुसरी सोळा बिटांची. पासष्ट हजारांवर तुकडे. शरयूला त्या आकड्याचं काही कौतुक नव्हतं. सोळा बिटांच्या दुसऱ्या एका चिपेला तिनं आधीच नाकारलं होतं, कारण तिच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. आमच्या गच्चीच्या जिन्यात एक पायरी उंच आहे, नवा माणूस तिथं हमखास ठेचाळतो, तसं. या चिपेच्या पायऱ्या सारख्या होत्या आणि मापासाठी शेजारी वेगळी पक्की चिप बसवलेली होती. विजेनं काहीही नखरे करावेत, ही जागची हलत नव्हती. ही चिप बसवून पुण्यात हातानं जोडलेलं तळहाताएवढं एकच कार्ड शरयूजवळ आलं होतं. त्यावर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच षड्ज धरून ठेवायची आणि मीटरचे आकडे आपोआप पुण्याला जायचे. खालून सासूबाई विचारायच्या, "वर डास शिरल्यागत काय वाजतंय गं?"

या षड्जामागं काय पणाला लागलं होतं ते आता सांगते. कंपनीचा मालक अपूर्व तिला म्हणाला होता, की सोळा बिटांचं कार्ड कसोटीला उतरलं तर पुण्यात नवं काम सुरू होईल, प्रत्येक कार्ड सुरात बसवून बाहेर काढायचं, आणि ते खातं तू येऊन सांभाळ. स्वस्तातली चिप ठरली तर तसल्या खात्याची गरजच नाही. आणि शौनकनं माझ्यासमोर कबूल केलं होतं, "वहिनी, तुमच्यासमोर बोलतो. तिचं कार्ड पास झालं तर दिवाळीनंतर आम्ही पुण्याला जाऊ." 'बघू' म्हणाला नाही तो. त्या दिवशी शरयूनं माझ्याबरोबर भाकऱ्या थापताना चक्क गाणं म्हटलं. माझी भाकरी मात्र तव्यावर करपली. ती गेली की या घरात माझ्याशी बोलायला उरणार कोण? खाली दुकान, वर स्वयंपाकघर, आणि मध्ये मी. तरी ती जावी असंच मला वाटत होतं. दोन्ही खरं होतं, त्याला मी काय करू?

आकडे छान जात होते. उन्हातही सूर टिकला. आणि दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. दुकानातला काटा, पोती शिवायचा दाभण, अप्पांची स्कूटर, शौनकची मोटारसायकल, माझी पेटी, सगळी अंगणात ओळीनं मांडायची. सासूबाई स्वतः प्रत्येकाला ओलं हळदीकुंकू लावतात, अक्षता टाकतात, झेंडू वाहतात. शरयूचं काहीच त्या ओळीत कधी नसायचं. यंदा सासूबाईंनी ताट हातात घेतलं, ओळीकडे पाहिलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "शरयू, तुझं यंत्र आण गं खाली. तेवढंच का मागं?"

आल्यापासून पहिल्यांदा. शरयू खाली आली ती कार्ड दोन्ही हातांवर घेऊन, लहान लेकरू आणावं तशी. तिनं ते पाटावर ठेवलं. सासूबाईंनी पळीतलं पाणी कुंकवात कालवलं, बोट बुडवलं आणि कार्डाच्या बरोबर मध्ये, जिथं चिप होती तिथं, ठसठशीत टिळा लावला. वर हळद. वर अक्षता. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीला यश दे रे बाबा." शरयूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी तिनं कोरड्या फडक्यानं कार्ड पुसलं आणि पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वर गेले आणि दारातच माझं तोंड वाकडं झालं. षड्ज उतरला होता. शरयूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. दुपारी ऊन तापल्यावर सूर आपोआप जागेवर आला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरला. स्वस्तातली चिप परवडली, अशी गत झाली. तिनं वायरी बदलल्या, मीटर बदलला, विजेचा खटका बदलला. आकडे मात्र जातच होते पुण्याला, तिनं न पाठवता.

अपूर्वचा फोन आला. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "शरयू, चिप इतकी सरकत असेल तर आपण तिच्या मागं कशाला लागायचं? सोमवारी बारा बिटांचं फायनल करतो."

फोन ठेवल्यावर तिनं कार्ड काढून टेबलावर घेतलं. मग भिंग काढून माझ्या हातात दिलं. "बघा ताई."

मी पाहिलं. चिपेच्या मुंगीएवढ्या पायांच्या मध्ये, फडकं जिथं पोचत नाही तिथं, लाल रेघ बसली होती.

"सकाळी हवेत ओल असते," ती म्हणाली. "कुंकू ती ओल धरतं आणि एका पायातली वीज जराशी दुसरीकडं झिरपते. उन्हात वाळलं की सूर जाग्यावर येतो. चिप चांगली आहे ताई. माझी चिप चांगली आहे."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच सकाळी शंका आल्ती. बघायची हिंमत झाली न्हाई."

"अगं पण लावूच का दिलं? तुला काय कळत न्हाई का?" माझा पारा चढला होता.

"कळत होतं," ती म्हणाली. "पण आईंचा हात पुढं आल्ता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या हाताला मी नको म्हणू?"

मी भिंग तिच्या हातात परत दिलं.

स्पिरिट आणि ब्रशनं तिनं कार्ड धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा लावलं. षड्ज आला तो खांबासारखा उभा राहिला. आता फक्त पुण्याला सांगायचं होतं, की मधले आकडे का बिघडले. आणि तिथंच गाडी अडली. शौनक वर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईचं नाव नको घेऊ. कंपनीत हसतील. अन् आईला कळलं की तिच्या हातानं झालं, तर ती ताट पुन्हा कधी हातात धरणार न्हाई. चिप खराब निघाली म्हण ना. काय बिघडतं?"

"माझं बिघडतं," शरयू म्हणाली.

"दुसरं काम येईल की. इथं काय कमी आहे तुला?"

मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याला आईची काळजी होती हे खरंच. पण त्याच्या खांद्यावरचं ओझंही उतरलं होतं. पुण्याला जायचं वचन आपोआप रद्द होत होतं आणि त्यासाठी त्याला एक शब्दही मोडावा लागत नव्हता. मी म्हणाले, "शौनकभाऊजी, तुम्ही खाली जा, गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

शरयू दिवसभर जिन्यात वरखाली करत राहिली. पुण्याला खरं सांगावं तर सासूबाईंचा अपमान, न सांगावं तर चिपेवर खोटा आळ. मी तिला म्हणाले, "हे बघ, सांगून टाक. सासूबाईंचं मी बघते." ती म्हणाली, "तुम्ही न्हाई. मीच."

ती खाली गेली आणि भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंच्या शेजारी बसली. दोष देणारा एक शब्द न वापरता तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले. "मंग मला बोलली का न्हाईस गं तवाच?" त्या म्हणाल्या. "नुसतं फूल वाह्यलं असतं मी." आणि पदरानं डोळे पुसले. शरयूनं त्यांचा हात हातात घेतला. मेथी बिचारी कोमेजून गेली.

मग तिनं अपूर्वला फोन लावला, स्पीकरवर, मला शेजारी बसवून. सांगितलं. पलीकडे अपूर्व मोठ्यानं हसला. शरयूचा हात माझ्या हातात होता, तो घट्ट झाला. पण ते हसणं कुचेष्टेचं नव्हतं.

"कुंकू!" तो म्हणाला. "अगं, हे आम्हाला पुण्याच्या एसीत बसून जन्मात कळलं नसतं. कार्डावर लेप द्यायला हवा हे आजच कळलं. सोळा बिटांचीच घेऊ. तू म्हणालीस तीच चिप. ठरलं."

शरयूनं डोळे मिटून घेतले. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पत्रा उडून जाईल असा आनंद त्या खोलीत भरला होता.

"आणि ऐक," अपूर्व पुढं बोलत होता. "माझा विचार बदलला. तू इकडे येऊ नकोस. तुझी ती पत्र्याची खोली आहे ना, तीच आपलं तपासणी खातं. ऊन, धूळ, विजेचे नखरे, हळदीकुंकू, सगळं तिथं आहे. तुझ्या खोलीत जे कार्ड सुरात राहील ते जगात कुठंही राहील. खात्याची प्रमुख तू. सगळी कार्डं तुझ्याकडे पाठवतो. सोयीचं आहे ना? नाहीतरी तुझं सगळं घर तिथंच आहे."

शरयू तरी काय म्हणणार? की मला सोयीचं नको आहे? की मला इथून सोडवा? तो तर तिला बढती देत होता. शेवटी "हो सर" म्हणाली आणि फोन ठेवला.

बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. शौनक जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला, "प्रमुख! घरबसल्या प्रमुख!" अप्पांनी पेढे मागवले आणि गवंड्याला फोन लावला, पत्रा काढून स्लॅब टाकायचा, पोरीचं पक्कं ऑफिस करायचं. सासूबाईंनी देवापुढं निरांजन लावलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. सगळ्यांसमोर शरयूला जवळ घेऊन म्हणाल्या, "माझं कुंकू वाया गेलं न्हाई बघ. त्यानंच तुला हितं ठेवून घेतलं."

शरयू वाकून पाया पडली. पेढा खाल्ला. अप्पांनी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला ठेवायची, तर म्हणाली, "तुम्ही ठरवाल तिथं."

थोड्या वेळानं मी वर गेले. ती टेबलाशी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. षड्ज वाजत होता.

"ताई," ती न वळता म्हणाली, "सूर बराबर आहे?"

"बिलकुल बराबर."

"एक विचारू? मी राह्यले म्हणून तुम्हाला बरं वाटलं ना?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण दिवसभर या पोरीनं एकटीनं खरं धरून ठेवलं होतं आणि त्याचं फळ तिला हे मिळालं होतं. मी म्हणाले, "वाटलं गं."

तिनं मान हलवली. "मला वाटलंच. फोनवर तो 'इकडे येऊ नकोस' म्हणाला तवा मी तुमच्याच तोंडाकडं पाह्यलं होतं," ती म्हणाली. "ते जरासुद्धा वाकडं झालं न्हाई."